प्रात्यक्षिक साहित्य, अर्थात डिंकाचे लाडू

सदर व्यक्ती स्त्री असून तिचे नाव उपासना धम्मदीप गजभिये. वय शेहेचाळीस. उंची मध्यम. चष्मा आहे. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेकडील एका डोंगराळ काउंटीच्या 'माता व अर्भक गृहभेट' कार्यक्रमात नोंदणीकृत परिचारिका म्हणून कार्यरत. कार्यक्षेत्र: काउंटीतील दुर्गम वस्त्या, मूळ रहिवाशांचे रिझर्व्हेशन (राखीव प्रदेश) धरून. कर्तव्ये: प्रथमच आई झालेल्या स्त्रियांना घरी जाऊन भेटणे, अर्भकाचे वजन करणे, स्तनपान, झोप व लसीकरण यांविषयी मार्गदर्शन करणे. लाभार्थी कुटुंबाकडून कोणताही खाद्यपदार्थ, पेय वा वस्तू स्वीकारण्यास, तसेच त्यांना तत्सम काही देण्यास सदर व्यक्तीस सक्त मनाई आहे. सदर व्यक्ती नियमांचे काटेकोर पालन करते.

यातलं चष्म्याबद्दलचं विधान पूर्णपणे खरं आहे.

उपासना मूळची नागपूरची. नर्सिंग तिथेच झालं. लग्नानंतर नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागून ती याच राज्याच्या पश्चिमेकडच्या बेलव्ह्यू शहरात आली, इथल्या परीक्षा नव्याने दिल्या, हॉस्पिटलात बरीच वर्षं काढली आणि मग एक दिवस डोंगरापलीकडच्या या काउंटीतली नोकरी घेऊन मोकळी झाली. धम्मदीपला काम करायला इंटरनेट पुरतं, आणि इंटरनेट इथे वाऱ्याच्या मर्जीने का होईना, पण येतं. बेलव्ह्यूच्या मराठी मंडळींना मात्र हे काही झेपलं नाही. खेड्यातून बेलव्ह्यूला पोचण्यात त्यांची हयात गेली होती. ही बाई उलट्या दिशेने कशी निघाली?

निरोपाच्या जेवणाला चंद्रशेखर काकांनी पुरणपोळीचा घास हातात धरून विचारलं होतं, "म्हणजे इथे येऊनसुद्धा तुम्ही रिझर्व्हेशनमध्येच का?"

दोघे-तिघे हसले. बाकीच्यांनी ताटात पाहिलं.

"हो ना काका," उपासना म्हणाली, "तिथेही जे मूळ मालक, त्यांना उरलंसुरलं दिलंय आणि वर तेच जास्त झालं म्हणून लोक कुरकुरतात. मला एकदम घरच्यासारखं वाटलं."

काकांनी पोळीवर तूप मागितलं.

तर अशी ही उपासना. एका बुधवारी दुपारी तिची गाडी कच्च्या रस्त्याने पाइनच्या झाडांमधून लॉरेटाच्या दाराशी येऊन थांबली. लॉरेटा पासष्टीची. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, त्यामुळे समोरच्याने सीटवर नीट बसावं अशी अपेक्षा तिच्या नजरेतच असे. घरात तिची एकोणीस वर्षांची नात शॉना, शॉनाची जेमतेम महिन्याची मुलगी ज्युनिपर, आणि एक जाडजूड कुत्रा. कुत्र्याचं नाव शेरिफ. "हाक मारली की येत नाही, खायला असलं की येतो," असं लॉरेटाने नावाचं स्पष्टीकरण दिलं. लॉरेटा अर्थातच इंग्रजीत बोलली. पण ते ऐकताना उपासनाला नागपूरची आपली थोरली आत्याच बोलते आहे असं वाटत राहिलं, तेव्हा ते मराठीत लिहायला हरकत नसावी. तू इंडियन, मी इंडियन, आणि चूक त्या बोटीवाल्याची, हा विनोद दोघींनी दारातच उरकून घेतला. दोघींनाही तो पाठ होता.

ज्युनिपरचं दुखणं साधं होतं आणि म्हणूनच काळजीचं. महिना होत आला तरी पोर जन्माच्या वेळच्या वजनाभोवतीच घुटमळत होती. दूध ओढता ओढता झोपून जायची. डोंगराखालच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी दर आठवड्याला घरी जाऊन वजन करायला सांगितलं होतं. आणि इथे एक सरकारी गोष्ट समजून घ्यायला हवी. 'वजन वाढत नाही' आणि 'घरचे नर्सला आत घेत नाहीत' ही दोन वाक्यं एका कागदावर आली की तो कागद बालकल्याण खात्याच्या टेबलावर जातो. तिथून पुढे काय होतं ते रिझर्व्हेशनवरच्या कुठल्याही आजीला विचारावं. ती सांगणार नाही. दार लावून घेईल.

पहिल्या दिवशी मात्र दार उघडं होतं. उपासनाने हात धुतले, बाळाला तपासलं, वजनकाटा परत पिशवीत घातला, आणि तेवढ्यात लॉरेटाने तिच्यासमोर बशी ठेवली. धुरी दिलेला सॅमन मासा आणि नुकताच तळलेला, वाफा येणारा पाव.

उपासना म्हणाली, "नको, नको. थँक यू. खरंच नको."

नियम तर होताच. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला नियम आठवला नव्हता. ती फक्त मराठी बाईसारखी वागली. आपल्याकडे पहिलं 'नको' हे शिष्टाचाराचं असतं, दुसरं पोटाचं, आणि तिसऱ्यालाही कोणी मानत नाही. वाढणारी बाई ताटावर आडव्या धरलेल्या हातावरच भाजी वाढून पुढे जाते. 'नको' म्हणायचं आणि मग आग्रहाखातर खायचं, ही रीत उपासनाच्या इतकी अंगात मुरलेली की सकाळपासून पोटात काही नसतानाही तिच्या तोंडून तेच आलं. आता ही म्हणेल, अगं घे गं, एवढंसं तर आहे. मग आपण म्हणू, बरं, अगदी थोडं.

लॉरेटाने बशी उचलली, खाली ठेवली, आणि शेरिफने ती चाटूनपुसून स्वच्छ केली.

शॉनाने खिडकीबाहेर पाहिलं. उपासनाने आपण नियम पाळला अशी स्वतःची समजूत घातली. असं समाधान ज्यांना मिळतं त्यांच्या पोटात बहुधा आधीच काहीतरी असतं; हिच्या नव्हतं.

पुढच्या बुधवारी दार उघडलं नाही. आत दिवा होता. पडदा हलला. खिडकीत शेरिफ पुढचे पाय ठेवून उभा होता आणि उपासनाकडे अत्यंत कृतज्ञतेने पाहत होता. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. फोन लागेना, मेसेजला उत्तर येईना. ओळीने तीन भेटी फुकट गेल्या की कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे फाइल बंद होते, क्लिनिकला तसं कळवावं लागतं, आणि मग ती दोन वाक्यं एका कागदावर येतात. उरली होती एक भेट.

घरी रमाबाई होत्या. रमाबाई म्हणजे उपासनाच्या सासूबाई, सहा महिन्यांसाठी नागपूरहून आलेल्या, निवृत्त शाळामास्तरीण. गेल्या काही दिवसांत सून जेवताना घास हातात धरून भिंतीकडे पाहते हे त्यांनी हेरलं होतं. त्या रात्रीच्या जेवणाला त्यांनी विचारलं, आणि उपासनाने नावं गाळून सगळं सांगितलं.

"थांब," रमाबाई म्हणाल्या. "बाळंतिणीच्या घरी तू हात हलवत गेलीस?"

"हातात वजनकाटा होता, आई."

"काटा खाते का ती?" आणि उत्तराची वाट न पाहता, "वर तिने बशी पुढे केली तर तू नको म्हणालीस."

"मला वाटलं ती आग्रह करेल."

"काहून करावा तिने? तिचं काय अडलंय? घरी आलीस तू, काम तुझं, आणि मिनत्या तिने कराव्यात?"

"आई, घ्यायला-द्यायला परवानगीच नाहीये. रूल आहे."

"कोणी केला?"

"आमच्या सुपरवायझरने. म्हणजे वरून आलाय, पण प्रीता फार काटेकोर आहे."

"प्रीता म्हणजे ती आपली मराठी मुलगी ना? बेलव्ह्यूची?"

"हो, तिथूनच ऑनलाइन काम बघते. पण जन्म इकडचाच तिचा. न्यू जर्सीचा."

"मग तिला कोणी शिकवलं नसेल," रमाबाईंनी खटल्याचा निकाल दिला आणि उठल्या.

रमाबाई नागपूरहून निघताना बॅगेत डिंक घालून आणतात. कोणासाठी, असं विचारलं तर म्हणतात, कोणाचं ना कोणाचं बाळंतपण निघतंच. धम्मदीप दर वेळी हसायचा. त्या रात्री तो डिंक तुपात फुलला, खारीक-खोबरं भाजलं गेलं, गुळाचा पाक झाला आणि डायनिंग टेबलावर लाडवांची रांग लागली. हातावर चटके बसत होते तरी त्या वळत होत्या. शॉनाला कशाची ॲलर्जी नाही हे फाइलीत लिहिलेलं होतं. फाइलीचा तेवढा उपयोग झाला. लाडू स्टीलच्या डब्यात भरले गेले. झाकणावर दुकानात घालून घेतलेलं नाव होतं: रमाबाई ईश्वर गजभिये, नागपूर.

"आणि ऐक," रमाबाई म्हणाल्या, "आता जे देईल ते मुकाट्याने खायचं."

तिसऱ्या बुधवारी उपासना पुन्हा त्या दाराशी उभी राहिली. पडदा हलला. तिने पोलीस ओळखपत्र दाखवतात तसा डबा खिडकीपुढे धरला. बराच वेळ गेला. शेरिफ अस्वस्थ झाला. पुढची बशी हातची जाण्याची चिन्हं त्याला दिसत असावीत. शेवटी दार चार बोटं उघडलं.

"काय आहे?"

"आमच्याकडे बाळंतिणीला देतात. माझ्या सासूने केलेत."

"सासूने? तुला पाठवायला सांगितलं?"

"सांगितलं नाही. पाठवलंच."

लॉरेटाला हे पटल्यासारखं दिसलं. सासू ही संस्था तिथेही आहे. "आधी तू खा," ती म्हणाली.

उपासनाने पायरीवर, बर्फाळ वाऱ्यात, काउंटीचा बिल्ला गळ्यात असताना, एक अख्खा लाडू खाल्ला. लॉरेटा तो संपेपर्यंत पाहत राहिली. मग दार उघडलं, डबा घेतला, एक स्वतःच्या तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली.

"कडक आहे."

"हो."

"तुझी सासूपण अशीच का?"

"साधारण."

आत गेल्यावर बशी आली. या वेळी हरणाच्या मांसाचा रस्सा आणि तोच पाव. उपासना चकार शब्द न काढता बसली आणि खाल्लं. संपल्यावर बशी पावाने पुसून घेतली. शेरिफ टेबलाखाली एक दीर्घ श्वास सोडून आडवा झाला.

तेव्हा लॉरेटा बोलली. खुर्चीत मागे टेकून, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

"मी सहा वर्षांची होते. एक बाई आली होती, अशीच पिशवी घेऊन. गोड बोलायची. पडदे छान आहेत म्हणाली. आईने तिच्यापुढे बशी ठेवली. 'नो, थँक यू' म्हणाली. दुसऱ्यांदा आली तेव्हाही 'नो, थँक यू'. तिसऱ्यांदा गाडी घेऊन आली, आणि माझे दोन्ही भाऊ घेऊन गेली." तिने बोटाने बशी बाजूला सारली. "जे न्यायला येतात ते खात नाहीत. मी एवढं शिकले. एकदा विचारते. दुसऱ्यांदा विचारत नाही."

नर्सिंगच्या कुठल्याच कोर्समध्ये याच्या उत्तराचा नमुना नव्हता. "मला भूक लागली होती," उपासना म्हणाली. "त्या दिवशी. फार."

"मग नाही कशाला म्हणालीस?"

"आमच्यात आधी नाही म्हणतात."

"का?"

यावर उपासनाने विचार केला आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला माहीत नाही.

शॉना आतल्या खोलीत खो-खो हसली आणि बाळाला घेऊन बाहेर आली. काटा मांडला. वजन थोडं, अगदी थोडंसं पुढे सरकलं होतं. उपासनाने शॉनाच्या पाठीमागे उशी ठेवली, बाळाला जरा तिरकं धरायला लावलं, हनुवटी खाली ओढून तोंड मोठं उघडायला शिकवलं, झोप आली की तळपायाला गुदगुल्या करायच्या ते दाखवलं. ज्युनिपरने डोळे उघडले, सर्वांकडे नापसंतीने पाहिलं आणि ती जोरात दूध ओढू लागली.

"बॉस उठली," लॉरेटा म्हणाली.

जाताना लॉरेटाने डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं. "हे काय लिहिलंय?"

"सासूबाईंचं नाव. कोणी नेऊ नये म्हणून घालतात."

"उपयोग होतो?"

"बहुतेक वेळा."

"हं," लॉरेटा म्हणाली. "आम्ही सरकारशी केलेल्या करारांवर घालून पाहिलं होतं."

डबा तिने ठेवून घेतला. पुढच्या बुधवारी तो परत आला तेव्हा घासून लख्ख केलेला होता आणि वाळवलेल्या सॅमनने काठोकाठ भरलेला होता. गाडीत मागच्या सीटवर ठेवून आणताना सबंध वाटभर वास दरवळत राहिला.

रमाबाईंनी झाकण उघडलं आणि आत पाहिलं.

"लाडू खाल्ले त्यांनी?"

"सगळे. आजीनेच निम्मे खाल्ले, शॉना तक्रार करत होती."

रमाबाईंनी ओट्याला टेकून डबा दोन्ही हातांत धरला. त्यांच्या पहिल्या नोकरीच्या गावात शेजारणीने एकदा, नाव-गाव नीट कळायच्या आधी, डबाभर चकल्या पाठवल्या होत्या. रमाबाईंनी रिकामा डबा कसा परत करायचा म्हणून शेवयांची खीर भरून पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा त्यांच्या ओट्यावर होता. खीर तशीच, वर मुंग्या. मधल्या वेळात शेजारणीला आडनाव कळलं होतं. ही गोष्ट उपासनाने लग्न झाल्यापासून एकदाच ऐकली होती, आणि रमाबाईंनी आत्ताही ती सांगितली नाही. त्या फक्त म्हणाल्या, "भरून पाठवला गं तिने," आणि मग लगेच, "पुढच्या वेळी अळिवाचे करते. दूध येतं त्याने. आणि ही मासळी कशी करतात? सुकटासारखीच ना?"

त्या संध्याकाळी घरभर सॅमनची तिखट चटणी परतली गेली. धम्मदीप ऑनलाइन मीटिंगमध्ये डोळे पुसत बसला होता. पलीकडच्यांना वाटलं, प्रोजेक्ट बंद झाल्याचं त्याला फार लागलंय.

असा तो डबा दर बुधवारी हिंडू लागला. जाताना अळिवाचे लाडू, येताना हकलबेरी या रानफळाचा मुरंबा. जाताना शंकरपाळे, येताना हरणाच्या मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या. कोणाकडूनही तो रिकामा जाणं शक्य नव्हतं, कारण लॉरेटाच्याही घरी भांडं रिकामं परत करणं हा अपमान समजतात. दोन्ही बाजूंना एकच नियम असल्यामुळे खेळ थांबण्याची सोयच नव्हती. दार मात्र ठोठावायच्या आधी उघडू लागलं. ज्युनिपरचं वजन वाढू लागलं. लाडवांमुळे असं काही होतं हे विज्ञान मानत नाही. रमाबाई मानतात, आणि त्या विज्ञानाच्याच शिक्षिका होत्या.

राहता राहिला भेटीचा अहवाल. उपासना खोटं लिहिणाऱ्यांतली नाही. तिने प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे नोंद केली: 'आहारविषयक प्रात्यक्षिक साहित्याचा वापर केला. कुटुंबाचा प्रतिसाद उत्साही.'

महिन्याभराने ऑनलाइन बैठकीत प्रीता स्क्रीनवर पुढे वाकली. प्रीता अठ्ठावीस वर्षांची, न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या साड्यांच्या दुकानांमध्ये आईचं बोट धरून वाढलेली. मराठी तिला सगळी समजते, पण बोलायची वेळ आली की इंग्रजी पुढे होते. आईने बजावल्यामुळे खाजगीत ती उपासनाला मावशी म्हणते, ऑफिसात नावाने.

"उपासना, क्विक क्वेश्चन. हे 'डेमॉन्स्ट्रेशन मटेरियल' काय आहे? एव्हरी वीक?"

"न्यूट्रिशन."

"राइट, पण… काय? मॉडेल्स? प्लास्टिकची फळं?"

"प्लास्टिकची नाहीत," उपासना खरं बोलली.

प्रीताने डोळे बारीक केले. "मावशी, तुम्ही त्यांना फूड देताय का? आणि घेताय? बिकॉज यू नो द पॉलिसी. ते असेल तर मला नर्स बदलावी लागेल. आय हेट इट, पण लागेल." ती थांबली. "मी बुधवारी येते. जॉइंट व्हिजिट."

उपासनाची झोप उडाली. स्वतःच्या नोकरीपेक्षा तिला दुसरीच भीती होती. नवी नर्स येईल. चांगली असेल, तरुण असेल, पॉलिसी तोंडपाठ असलेली असेल. तिच्यापुढे बशी येईल आणि ती म्हणेल, 'नो, थँक यू.' ज्युनिपरचं वजन आत्ता कुठे तक्त्यावरच्या रेषेला लागत होतं. क्लिनिकला अजून दोन-तीन आठवड्यांची वजनं हवी होती. दार बंद झालं असतं तर ती दोन वाक्यं पुन्हा एका कागदावर आली असती, आणि त्या घरात तिसऱ्या वेळी येणारी ती गाडी काय असते हे सगळ्यांना माहीत होतं.

डबा लॉरेटाकडेच होता. उपासनाने फोन केला. "बुधवारी माझी बॉस येतेय. डबा बाहेर काढू नकोस. बशीपण नको, प्लीज."

"तुझी बॉस खाते का?"

"नियमाने नाही."

"हं," लॉरेटा म्हणाली. "बघू." आणि फोन ठेवला.

बुधवारी प्रीता आली. बूट नवे कोरे, गाडी विजेवर चालणारी. वाटेत कुठेच चार्जिंग नाही हे कळल्यापासून तिचा चेहरा उतरलेला. पण कामात ती वाकबगार होती हे मान्य करायला हवं. शॉनाशी ती गप्पा मारत बसली, बाळाच्या अंगठ्याशी खेळली. वजन झालं. चांगलं होतं. उपासनाने मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला, आणि नेमकी तेव्हाच लॉरेटा स्वयंपाकघरातून बशी घेऊन आली.

बशी तिने प्रीतापुढे ठेवली. सॅमन आणि वाफाळता पाव.

"ओ नो, आय एम गुड! थँक यू सो मच!" प्रीता अतिशय गोड हसून म्हणाली. "तुमचे पडदे किती छान आहेत!"

शॉनाने बाळाला छातीशी घट्ट धरलं. लॉरेटाच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. तिचा हात बशीकडे गेला. टेबलाखालून शेरिफ उठून उभा राहिला, शेपूट हलवू लागला.

उपासनाने आवाज अजिबात न चढवता, बाळाच्या लसीबद्दल सांगावं तशा सुरात, मराठीत म्हटलं, "प्रीता, मावशी म्हणून सांगते. ती दुसऱ्यांदा विचारत नाही. मुकाट्याने खा."

"आर यू सीरियस?"

"कुत्र्याकडे बघ."

प्रीताने कुत्र्याकडे पाहिलं. मग शॉनाकडे पाहिलं. तिच्या हाताच्या मुठीकडे, बाळाभोवती आवळलेल्या. काय ते तिला नेमकं कळलं नसावं, पण काहीतरी आहे एवढं कळलं. बशी जमिनीकडे निघालीच होती. प्रीताने दोन्ही हात पुढे करून ती मध्येच धरली.

"ॲक्चुअली," ती म्हणाली, "मी ब्रेकफास्ट केला नाहीये."

पहिला घास तिने पॉलिसीच्या वतीने खाल्ला, दुसरा स्वतःच्या. पाव संपल्यावर तिने बोटं चाटली, आणि आपण बोटं चाटली हे लक्षात येऊन ओशाळली.

"मग?" लॉरेटा उपासनाला म्हणाली. "ही पण खाते की."

शॉनाची मूठ सैल झाली. "बॉसला घेणार?" तिने विचारलं आणि ज्युनिपरला प्रीताच्या मांडीवर ठेवलं. शेरिफ सगळ्यांकडे पाठ करून निजला.

वाटेवरच्या गाडीपर्यंत लॉरेटा पोचवायला आली. तिच्या हातात डबा होता. तिने तो उपासनाकडे दिला नाही. प्रीताच्या हातात ठेवला.

"वी आर नॉट अलाउड टू…" प्रीताने सुरुवात केली.

"डबा तुझा नाहीच," लॉरेटा म्हणाली. "हिच्या सासूचा आहे. नाव घातलंय बघ." आणि मग आत जाता जाता, "आतलं तुझं."

प्रीताने उपासनाकडे पाहिलं. उपासना टायरकडे पाहत होती.

पुढच्या सोमवारच्या बैठकीत प्रीताने प्रात्यक्षिक साहित्याचा विषय काढला नाही. इतर सगळे स्क्रीनवरून गेल्यावर मात्र ती थांबली.

"मावशी, मी मॉमला फोन केला होता."

"बरं."

"ती म्हणाली, डबा एम्प्टी परत केलास तर माझं नाव सांगू नकोस."

"आणि रूल?"

"विच रूल?" प्रीता म्हणाली.

बर्फ वितळेपर्यंत ज्युनिपरचं वजन रेषेवर आलं आणि मग रेषेच्या वर गेलं. डॉक्टरांनी पुढची तपासणी सहाव्या महिन्यात ठेवली. तो कागद कुठल्याच टेबलावर गेला नाही. पोर लॉरेटाच्या घरात आहे आणि सगळ्यांना हुकूम सोडत असते.

काउंटीच्या वार्षिक अहवालात या भेटींची दखल घेतली गेली आहे, ती अशी: 'सदर कुटुंबाचा कार्यक्रमातील सहभाग अखंडित राहिला असून त्याचे श्रेय प्रमाणित कार्यपद्धतीच्या काटेकोर अंमलबजावणीस व पर्यवेक्षकांच्या प्रत्यक्ष मार्गदर्शनास जाते. लाभार्थी व कर्मचारी यांच्यातील वस्तूंची देवाणघेवाण: निरंक.'

डबा सध्या बेलव्ह्यूला प्रीताकडे आहे. तिला स्वयंपाक येत नाही.